आक्काबाईंची वेगळी चूल

अनंतराव तिकोने यांनी लिहिलेला अर्ज आजवर कुठल्याही कचेरीतून परत आला नव्हता. ही गोष्ट त्यांनी तुंगार्लीतल्या त्यांच्या सोसायटीत प्रत्येक बिऱ्हाडाला किमान दोनदा सांगितली होती. काहींना जिन्यात गाठून सांगितली होती. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेली, त्यातली शेवटची सहा हेडक्लार्क म्हणून. ‘उपरोक्त विषयान्वये’ हा शब्द त्यांच्या लेखणीतून असा उतरायचा की समोरच्या साहेबाला सही करण्यावाचून गत्यंतर राहत नसे. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, नातवंडं खेळवतात. अनंतराव दुसऱ्यांचे अर्ज तपासून देत. कुणी मागितले नाहीत तरी देत.

त्यामुळे सरकारने कुटुंब आरोग्य खात्याचा कायदा केला तेव्हा आनंद झालेले लोणावळ्यातले पहिले गृहस्थ अनंतरावच असावेत. त्यांनी कायद्याची बेचाळीस पानं छापून आणली आणि लाल-निळ्या पेन्सिलीने रेघा मारत तीन दिवसांत वाचून काढली. कायदा सोपा होता. प्रत्येक कुटुंबाचं एक खातं. त्या कुटुंबातल्या कुणालाही काही झालं तर दवाखान्यात खात्याचं कार्ड दाखवायचं, उपचार होतात. कायदा चांगलाच होता, हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तिकोन्यांच्या घरात त्याला फार शिव्या बसल्या.

घरात माणसं तीन. अनंतराव, वय त्रेसष्ट. त्यांच्या पत्नी चंद्रिकाबाई, शाळेत भूगोल शिकवून याच वर्षी निवृत्त झालेल्या. आणि अनंतरावांची आत्या, आक्काबाई शेलार, वय अठ्ठ्याहत्तर. अनंतराव दोन वर्षांचे असताना त्यांची आई गेली. त्याच साली आक्काबाईंचं कपाळ पांढरं झालं आणि त्या सासरहून वलवणला माहेरी परत आल्या. तेव्हा त्या जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. भावाचं पोर त्यांनी कडेवर घेतलं ते खाली उतरवलंच नाही, असं वलवणचे लोक म्हणत. अनंतरावांना नोकरी लागली, लग्न झालं, तुंगार्लीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट झाला, तशा आक्काबाईही मागोमाग आल्या. बोली मात्र वलवणचीच राहिली.

आता त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. सात महिने त्या जिना उतरल्या नव्हत्या. दुखण्याबद्दल त्या चकार शब्द काढत नसत. त्यांचं खरं दुःख वांग्यांचं होतं. आयुष्यभर त्यांनी बाजारात स्वतः जाऊन, एकेक वांगं कानाशी नेऊन दाबून पाहून घेतलं होतं. आता अनंतराव आणत ती वांगी बघून त्या नुसता सुस्कारा सोडत, आणि तो सुस्कारा अनंतरावांना शिवीपेक्षा जास्त लागे. तळेगावच्या एका डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी उजवा गुडघा बदलू, मग डावा. बाई पुन्हा बाजारात जातील. दवाखाना कायद्याच्या यादीत होता. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला ऑपरेशन ठरलं. फक्त खातं उघडायचं बाकी होतं.

“ते माझ्यावर सोपव,” अनंतराव म्हणाले.

नोंदणीचं केंद्र एका मंगल कार्यालयात उघडलं होतं. लग्नसराई संपली होती म्हणून जागा रिकामी होती, पण भिंतीवरचा ‘शुभविवाह’ कुणी काढला नव्हता. त्याच्या बरोबर खाली, नवरानवरीच्या लाल मखमली खुर्चीत चैताली नावाची मुलगी संगणक घेऊन बसली होती. मुलगी हसतमुख होती. नाही म्हणतानाही हसायची.

“आक्काबाई शेलार तुमच्या कोण, काका?”

“आत्या.”

चैतालीने यादी वर नेली, खाली आणली. “आत्या नाहीये यात.”

“नाहीये म्हणजे?”

“आई आहे, वडील आहेत. आत्या नाही. आणि काका, त्यांचं नाव इथे दुसऱ्याच कुटुंबात दिसतंय. रेशनकार्डावरून आलंय ते. कुटुंबप्रमुख आक्काबाई शेलार, सदस्य एक.”

“मग त्या कुटुंबाचं खातं उघडा.”

“एका माणसाचं कुटुंब होत नाही ना. किमान दोन लागतात.”

अनंतरावांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे ती माझ्या कुटुंबात नाही, कारण तिचं वेगळं कुटुंब आहे. आणि तिचं वेगळं कुटुंब नाही, कारण ती एकटी आहे.”

“अगदी बरोबर,” चैताली कौतुकाने म्हणाली. “बाकीच्यांना समजवायला अर्धा तास जातो.”

आता इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे, जी अनंतरावांनी चैतालीला सांगितली नाही आणि चंद्रिकाबाईंनाही सांगितली नाही. आक्काबाईंचं कार्ड वेगळं झालं कसं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सत्त्याण्णव साली गॅसच्या दुसऱ्या जोडणीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. एका कार्डावर एकच जोडणी. तेव्हा अर्ध्या लोणावळ्याने जे केलं तेच अनंतरावांनी केलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची चूल कागदावर वेगळी केली. मागच्या गॅलरीत स्टूल ठेवून त्यावर वातीचा स्टोव्ह मांडला, स्टोव्हवर पातेलं ठेवलं, पातेल्यात पाणी ठेवलं. तपासणीला आलेल्या माणसाने पातेल्यात डोकावून ‘वेगळी चूल आढळली’ असा शेरा मारला. सोबत स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र होतं, अर्थात अनंतरावांनीच लिहिलेलं, आणि ते त्यांच्या उत्कृष्ट लेखनात मोडत होतं. त्यांच्या सहीखाली आक्काबाईंनीही सही केली होती. काय लिहिलंय, असं त्यांनी विचारलं नव्हतं. “तू म्हनशील तितं,” एवढंच म्हणाल्या होत्या.

केंद्रातून घरी येईपर्यंत सगळ्या सोसायटीला बातमी कळलेली होती. सोसायटीचे सेक्रेटरी सीताराम केदारी जिन्याच्या तोंडाशीच उभे होते. रेल्वेत गार्ड म्हणून जन्म गेलेला. गाडी सुटण्याआधी तिच्यात काय बिघाड आहे ते आपल्यालाच आधी कळतं, असा त्यांचा समज होता आणि तो निवृत्तीनंतर माणसांनाही लागू झाला होता.

“सोप्पं आहे,” केदारी म्हणाले. “दत्तक घ्या.”

“कुणाला?”

“आत्याला. आई म्हणून.”

अनंतराव चिडले, पण रात्रभर विचार करून सकाळी वकिलाकडे गेलेच. नोटरीचा शिक्का बाळगणारा तो वकील शिक्का बाजूला ठेवून त्यांच्याकडे वळला. मग म्हणाला, “तिकोने, दत्तक मूल घेतात. आई घ्यायची सोय अजून झालेली नाही.” आणि वर सल्ल्याची फी घेतली.

मग केदारींनी दुसरा उपाय काढला. नात्यापुढे सरळ आई लिहून मोकळं व्हायचं, बघतंय कोण. अनंतराव ताठ झाले. “केदारी, मी सरकारी कागदावर खोटं लिहिणारा माणूस नाही.” हे वाक्य त्यांनी गॅलरीकडे पाठ करून म्हटलं.

शेवटी सरळ मार्गच उरला. तालुक्याच्या गावी जाऊन दोन्ही रेशनकार्डं पुन्हा एक करून आणायची. त्यासाठी आक्काबाईंचा अंगठा यंत्रावर लागणार होता, म्हणजे त्यांना नेणं आलं, म्हणजे दोन मजले उतरवणं आलं. केदारींनी प्लास्टिकची खुर्ची आणली. पुढून अनंतराव, मागून केदारी, मध्ये आक्काबाई. केदारी शिट्टी वाजवून ‘सावकाश, सावकाश, थांबा’ अशा आज्ञा देत होते. पहिल्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघायला आले. कुणी तरी नमस्कार केला. सात महिन्यांनी बाहेरचं ऊन बघून आक्काबाई खुशीत होत्या. “लय झ्याक वरात काडली माजी,” त्या म्हणाल्या.

सरकारी कचेरीत जुनी फाईल सापडत नाही, या नियमावर अनंतरावांचा भरवसा होता. एकतीस वर्षं त्यांनी स्वतः तो नियम पाळला होता. कार्ड एक करा म्हणायचं, जुनी फाईल मिळत नाही म्हणून ते नवा अर्ज घेतील, की विषय संपला. पण पुरवठ्याच्या खिडकीवरचा कारकून नवा होता, उत्साही होता, आणि त्याने सगळ्या फायली सालवार लावून ठेवल्या होत्या. पाच मिनिटांत तो पिवळा पडलेला कागद घेऊन आला. अशा माणसाचं खात्यात कसं निभावणार, असं अनंतरावांना तशाही परिस्थितीत वाटून गेलं.

“विभक्त का झालात ते आधी बघावं लागतं,” कारकून म्हणाला आणि मोठ्याने वाचू लागला. “‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर महिला माझ्या कुटुंबापासून पूर्णतः विभक्त असून स्वतंत्र चूल मांडून राहते. तिचा व माझ्या कुटुंबाचा अन्नपाण्याचा कोणताही संबंध नाही, पूर्वी नव्हता व पुढेही राहणार नाही.’ वा. भाषा छान आहे.”

खिडकीपाशी ठेवलेल्या खुर्चीवर आक्काबाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“आता एकत्र करायचं तर चूल एकच आहे हे तपासावं लागेल,” कारकून पुढे म्हणाला. “आरोग्य खात्याच्या मॅडमच घरी येतील. चुलीचा पंचनामा होईल. त्यांनी होय म्हटलं की खातं उघडेल.”

परत येताना गाडीत आक्काबाई कामशेतपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. अनंतराव दोनदा खाकरले. केदारी पुढे बसून पावसाळ्यात घाटात दरडी कशा येतात ते सांगत होते. कामशेत मागे पडल्यावर आक्काबाई म्हणाल्या, “अन्नपान्याचा संबंध न्हाई व्हय रं?”

“आत्या, ते गॅससाठी होतं. तेव्हा सगळेच—”

“‘पूर्वी नव्हता,’ आसं पन लिवलंयस. ते बी ग्यासपायीच?”

‘पूर्वी नव्हता’ हे शब्द खरं तर कुणी मागितलेच नव्हते. वाक्य डौलदार व्हावं म्हणून त्यांनी ते घातले होते. माणूस आपल्या हुशारीनं असा कुठे कुठे मरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रिकाबाईंना गॅलरीत खडखड ऐकू आली. आक्काबाईंनी भिंत धरत, दाराची चौकट धरत, माळ्याखालच्या कपाटातून पाच किलोचा लहान सिलिंडर आणि एका बर्नरची शेगडी ओढत आणली होती. स्टूल मांडलं होतं. शेजारी खुर्ची. तांदळाचा डबा, तिखटामिठाची डबी, दोन पातेली, तवा.

“हे काय, आत्याबाई?”

“वायली चूल,” आक्काबाई म्हणाल्या. “आनंतानं सत्य परतिज्ञेवर लिवलंय. त्येचा कागुद खोटा पडाया नगं.”

अनंतराव लगबगीने आले. समजावून झालं, आवाज चढवून झालं, गुडघ्यांची आण घालून झालं. मग त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. “ठीक आहे. मी बँकेतली ठेव मोडतो. खातं नको आणि पंचनामा नको. वीस तारखेला ऑपरेशन होईल.”

“गुडगा बसंल त्या पैशानं,” आक्काबाई कांदा चिरत म्हणाल्या. “पर दवाखान्यात इचारलं, ह्या बाईचं कोन? तर काय सांगू? संबंध न्हाई म्हनू? मी न्हाई यायची. जाईन तर घरची मानूस म्हनून जाईन, न्हाई तर हितंच बसते. माजं मी रांदून खाते.”

आणि त्या तशाच बसल्या. चंद्रिकाबाईंचा स्वयंपाक वाईट नव्हता. पौष्टिक होता. शाळेत जाण्याआधी चाळीस मिनिटांत उरकायची सवय लागलेल्या बाईचा स्वयंपाक जसा होतो तसा तो होता. पण गॅलरीत इंद्रायणी तांदळाचा भात वाफेला आला आणि काळ्या मसाल्याच्या वांग्यांना फोडणी बसली की स्वयंपाकघरातली मुगाची खिचडी लाजून जायची. पहिल्या दिवशी चंद्रिकाबाईंनी निष्ठेने खिचडी खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्या हातात ताट घेऊन गॅलरीच्या दारात उभ्या राहिल्या.

“आत्याबाई, मी प्रतिज्ञापत्रावर सही केलेली नाही.”

“तर काय. तू ये. तुजा काय गुन्हा न्हाई.”

त्या दिवसापासून चंद्रिकाबाईंनी स्वयंपाकघर बंदच केलं. भांडी घासून पालथी घातली आणि ओट्यावर पुस्तकं ठेवली. लग्नानंतर पस्तीस वर्षांनी दुपारी वाचायला वेळ मिळतोय, तो आपण का सोडावा, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता.

“मग मी काय खाऊ?” अनंतरावांनी विचारलं.

“तुमची चूल तुम्ही मांडा. तिसरी. कागद तुम्हीच लिहा.”

अनंतरावांनी दोन दिवस वडापाव खाल्ला. तिसऱ्या दिवशी स्वतः भात लावला. त्यात पाणी किती घालायचं हे बेचाळीस पानांच्या कायद्यात कुठे नव्हतं. वर केदारी एक नोटीस घेऊन आले, की गॅलरीत शेगडी लावणं सोसायटीच्या नियमांत बसत नाही. नोटीस द्यायला गॅलरीत गेले आणि तासाभराने ढेकर देत बाहेर आले. नोटीस त्यांनी खिशातच ठेवली होती. “नियम तपासून बघायला हवा,” एवढं म्हणून ते खाली उतरले. अनंतरावांना ते फारच लागलं. शेजारच्या माणसाला अन्न आणि आपल्याला नाही. ज्या बाईने आपल्याला हाताने भरवलं, तिने भाताचं शीतही पुढे केलं नाही. आणि आपण बोलायचं तरी कुठल्या तोंडाने, हेही त्यांना कळत होतं.

शेवटी त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. अर्ज लिहिला. प्रति, श्रीमती आक्काबाई शेलार, गॅलरी, यांस. विषय : सत्त्याण्णव सालचे प्रतिज्ञापत्र मागे घेणेबाबत. खाली दीड पान मजकूर होता, आणि तो खरोखर सुंदर होता. ‘अनवधानाने झालेला प्रमाद’ होता, ‘कृतज्ञतेच्या ऋणात’ होतं, ‘उदार अंतःकरणाने क्षमा व्हावी’ होतं. चंद्रिकाबाईंनी तो आक्काबाईंना वाचून दाखवला. आक्काबाईंनी सगळा ऐकला, मान हलवली आणि कागद परत पाठवला. सोबत तोंडी निरोप होता.

“भाषा ग्वाड हाय म्हनावं. पर ह्यात मानूस कुटं दिसना.”

अनंतरावांचा अर्ज परत आला. आयुष्यात पहिल्यांदा. ते कागद घेऊन पलंगावर बसले. दहाव्या वर्षी आपण तापाने फणफणलो होतो तेव्हा आत्या आपल्याला पाठीवर घेऊन वलवणहून दवाखान्यापर्यंत चालत आली होती, हे त्यांना आठवलं. तेव्हा तिने कुणाकडे अर्ज केला नव्हता. आणि तिच्याबद्दल आपण काय लिहिलं, तर संबंध नव्हता. त्यांना स्वतःची अशी काही लाज वाटली की डोळे भरून आले. मग ते उठले, गॅलरीच्या दारात गेले आणि एकतीस वर्षांच्या सेवेत ज्यांनी कधी विषय-संदर्भाशिवाय वाक्य लिहिलं नव्हतं ते अनंतराव म्हणाले, “आत्या, चुकलो. भूक लागलीय.”

आक्काबाईंनी वर पाहिलं नाही. पण ताट घेतलं. “खाली बस,” त्या म्हणाल्या. “आन हात धू आदी. धुतलेस का?”

“धुतले.”

“दाव.”

अनंतरावांनी हात दाखवले.

सोळा तारखेला आरोग्य खात्याच्या राजेश्वरी मॅडम पंचनाम्याला आल्या, तेही न कळवता, ऐन दुपारी बारा वाजता. चाळिशीच्या, कडक इस्तरीची साडी, काखेत फाईल. पंच म्हणून त्यांनी खालून केदारींना बरोबर आणलं होतं. खरं तर अनंतरावांनी ठरवून ठेवलं होतं, की मॅडम येण्याआधी गॅलरीतली शेगडी हलवायची, ओट्यावरची पुस्तकं उचलायची, स्वयंपाकघरात भात शिजत ठेवायचा आणि ‘एकच चूल’ आढळू द्यायची. तसं चंद्रिकाबाईंना सांगूनही झालं होतं. पण बेल वाजली तेव्हा ते गॅलरीत पाटावर बसून भरलं वांगं भाकरीला लावत होते. शेजारी चंद्रिकाबाई. खुर्चीवर आक्काबाई, हातात उलथनं.

मॅडम सरळ स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी शेगडीवर हात ठेवला. ती गार होती. पातेली पालथी. ओट्यावर आफ्रिकेतल्या नद्यांवरचं जाड पुस्तक उघडं पडलेलं.

“या चुलीवर कधीपासून शिजलं नाही?”

“यांनी एकदा लावलेला भात सोडला तर बारा दिवस,” चंद्रिकाबाई म्हणाल्या. त्या शिक्षिका होत्या, त्यांना खोटं चटकन येत नसे.

अनंतरावांनी उचललेला घास ताटात परत ठेवला. संपलं सगळं. वेगळी चूल धडधडीत पेटलेली, आणि समोर सरकार उभं. ते उष्ट्या हाताने उठले. “मॅडम, हे तात्पुरतं आहे. वस्तुस्थिती अशी की—”

“तुम्ही बसा. जेवा,” मॅडम म्हणाल्या. मग आक्काबाईंकडे वळल्या. “आजी, या घरात रोज कोण कोण कुठे जेवतं?”

“समदी हितंच. माज्या चुलीवर. ह्ये केदारी बी आदनंमदनं येत्यात.”

केदारींनी छताकडे पाहिलं.

“म्हणजे घरात चूल एकच चालू आहे,” मॅडम लिहू लागल्या. “आणि ती तुमची. मग तुमच्या कार्डावर हे दोघे आले. कुटुंबप्रमुख तुम्ही.”

“प्रमुख मी आहे,” अनंतराव म्हणाले. “फ्लॅट माझ्या नावावर आहे. वीजबिल माझ्या नावावर येतं.”

“कायद्यात फ्लॅट नाही, तिकोने. ज्याच्या चुलीवर कुटुंब जेवतं तो प्रमुख. कलम चार.” कायदा पाठ असलेलं माणूस अनंतरावांना प्रथमच भेटत होतं, आणि ते नेमकं पलीकडच्या बाजूला होतं. “पण एक अडचण आहे. प्रमुखाचे तुम्ही भाचे. भाचाही यादीत नाही.”

वांग्याचा रस्सा तेवढा रटरटत होता. वीस तारीख चार दिवसांवर आली होती. आक्काबाईंनी शेगडी बंद केली.

“बाई, बसा जरा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज वाढला नाही, पण उलथनं मॅडमच्या दिशेला रोखलं गेलं. “ह्येची आई मेली तवा ह्यो दोन वर्साचा. मला समद्यांनी सांगितलं, दुसरं लगीन कर, पोरगं देऊ कुनाकडं तरी. म्या न्हाई दिलं. ह्येला न्हाऊ घातलं, शाळंत घातलं, ह्येच्या नवकरीसाटी उपास धरलं. आता तुमच्या यादीत आत्या न्हाई, भाचा न्हाई. मग आमी कोन? कुनीच न्हाई? यादी करनारानं कुनाच्या हातचं खाल्लं हुतं, ते इचारा त्येला.”

मॅडमनी फाईल मिटली. मग पुन्हा उघडली. कायद्याची प्रत काढून त्या बराच वेळ पानं उलटत राहिल्या. एका ठिकाणी बोट थांबलं. अनंतरावांनी वाकून पाहिलं. ते पोटकलम त्यांनी लहान मुलांचं म्हणून सोडून दिलं होतं, त्याखाली पेन्सिलीची रेघही नव्हती.

“‘कुटुंबप्रमुखाने सांभाळलेले मूल,’” मॅडमनी वाचलं. “रक्ताचं नातं, दत्तकपत्र, काही लागत नाही. वयाची अट...” त्यांनी पान उलटून पाहिलं. “वयाची अट लिहिलेली नाही.”

“मॅडम, मी त्रेसष्ट वर्षांचा आहे,” अनंतराव म्हणाले. “सेवानिवृत्त हेडक्लार्क आहे.”

“ते मी कंसात लिहीन.” मॅडमनी पेन उचललं. “फक्त सांभाळल्याचा पुरावा लागेल. शाळेचा दाखला, जुना फोटो, काहीही. आजी, आहे काही?”

आक्काबाईंनी अनंतरावांच्या ताटाकडे बोट केलं. भाकरी अर्धी उरली होती, वांग्याचं देठ बाजूला काढून ठेवलं होतं, आणि मिशीला रस्सा लागला होता.

“पुरावा हितं जेवतोय की,” त्या म्हणाल्या.

राजेश्वरी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पंचनाम्यात तेच लिहिलं, शब्दशः, आणि पंच म्हणून केदारींची सही घेतली. केदारींनी सही करून हळूच विचारलं, की भाकरी उरली असेल का. मॅडमही नको नको म्हणत बसल्या आणि दोन वांगी खाऊन गेल्या.

पंचनामा चैतालीकडे गेला आणि दोनच दिवसांत खातं उघडलं. पुढचे दोन दिवस सोसायटीत अनंतरावांनी जे सोसलं ते सांगण्यासारखं नाही. केदारी जिन्यात भेटले की ‘काय, बाळ’ म्हणत. कुणी तरी दारात बालवाडीच्या प्रवेशाचं पत्रक टाकून गेलं. चंद्रिकाबाईंची नोंद कार्डावर ‘सांभाळलेल्या मुलाची पत्नी’ अशी झाली होती, त्यावरून त्या तासन्‌तास हसत. अनंतराव तक्रारीचा अर्ज लिहायला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा कोरा कागद तसाच ठेवून उठले.

वीस तारखेला सकाळी तळेगावच्या दवाखान्यात आक्काबाईंना हिरवा झगा घालून ढकलखुर्चीत बसवलं. बाहेरच्या बाकांवर तीस-चाळीस माणसं होती. त्यांत अनंतरावांच्या जुन्या कचेरीतले एक साहेबही होते, बायकोला दाखवायला आलेले. अनंतरावांनी त्यांना नमस्कार केला आणि ‘सहज आलो होतो’ असं सांगितलं. तेवढ्यात ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं आणि एक परिचारिका हातात कागद घेऊन बाहेर आली.

“आक्काबाई शेलार यांच्यासोबत कोण आहे?” तिने कागदावर पाहिलं. “इथे सांभाळलेलं मूल लिहिलंय. संमतीची सही हवी. मूल कुठे आहे?”

बाकांवरचे सगळे एखादं पोर दिसतंय का म्हणून इकडेतिकडे पाहू लागले. साहेबांनी तर बाकाखालीही पाहिलं.

अनंतराव उठले. साहेबांकडे त्यांनी एकदा नीट पाहिलं. मग एकतीस वर्षांत कुठल्याही कचेरीत काढला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात ते म्हणाले,

“मी आहे.”